पहिला डाईव्ह कॉम्प्युटर घेताना: घाटावरून समुद्रात उतरणाऱ्यांसाठी

माझ्या भाच्यानं या सीझनला ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डाईव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं सर्टिफिकेट काढलं, आता त्याला खोली आणि वेळ सांगणारा मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर पाहिजे, आणि तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की त्याचा फोन ठरलेला, "आत्ती, हे बघ की, ऑफर लागलीय, घेऊ काय?" रोज वेगळं मॉडेल, रोज नवा व्हिडिओ. त्याला तुकड्यातुकड्यानं जे सांगत गेले ते एकदा सलग लिहून काढते, कारण कोल्हापुरातनं मालवणला, मुरुडेश्वरला, अंदमानला डाईव्हिंगला जाणारी पोरंपोरी आता बरीच झालीत, पण चार कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडून हातात घेऊन बघायची सोय आपल्याला सहसा मिळत नाही, मग सगळे फोटो बघून घेतात आणि बोटीवर गेल्यावर कळतं की काय घेऊन बसलोय.

पहिलं काम, गरज आहे का ते ठरवा

तारकर्लीला किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास वर्षातनं एकदा हात धरून ट्राय डाईव्ह करणार असाल तर कॉम्प्युटर घेऊ नका, खरंच नको. तिथं इन्स्ट्रक्टर तुमच्या टँकला धरूनच असतो, खोली कमी, वेळ थोडा. ते पैसे साठवा आणि ओपन वॉटर कोर्स करा. कोर्स झालाय पण वर्षाला दोनच डाईव्ह होणार असतील तर भाड्यानं घ्या, आणि आधी स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा चांगला मास्क घ्या, त्याचा उपयोग पहिल्या मिनिटापासून होतो.

पण वर्षाला आठ-दहा डाईव्ह आणि एका दिवसात दोन किंवा तीन डाईव्ह असा बेत असेल तर कॉम्प्युटर स्वतःचाच पाहिजे. मी हे ठासून सांगते कारण भाड्याच्या कॉम्प्युटरचा अनुभव मी घेतलाय. एका ठिकाणी सकाळी बोटीवर हातात दिलेला कॉम्प्युटर मी तसाच मनगटाला बांधला, साध्या हवेवर डाईव्ह होती, उतरायला दहा मिनिटं असताना सहज बटण दाबलं तर स्क्रीनवर ३६ टक्के ऑक्सिजन. आधीच्या माणसानं नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा वापरली होती आणि सेटिंग तसंच राहिलं होतं. म्हणजे माझ्या टँकमधे ७९ टक्के नायट्रोजन आणि कॉम्प्युटर हिशोब करणार ६४ टक्क्यांचा, मला खाली जास्त वेळ आहे असं तो सांगत राहिला असता आणि मी विश्वास ठेवला असता. तेव्हा माझे जेमतेम वीस डाईव्ह झाले होते. त्या दिवसापासून मी दुसऱ्याचा कॉम्प्युटर बांधायचं सोडलं.

तो नेमकं करतो काय हे आधी समजून घ्या

दुकानात जायच्या आधी हे डोक्यात बसू दे. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, त्या दाबानं श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरत जातो, वर येताना तो हळूहळू बाहेर पडला पाहिजे, घाईनं पडला तर अंगात बुडबुडे होतात आणि त्यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. कॉम्प्युटरमधे एक प्रेशर सेन्सर आणि एक घड्याळ असतं, तो दर काही सेकंदाला खोली बघतो आणि अंगात किती नायट्रोजन मुरला असेल याचा अंदाज बांधत जातो.

अंदाज कसा, तर आपल्या गुऱ्हाळावरचं उदाहरण घेते. चहाचा कप पटकन तापतो आणि पटकन गार होतो, गुळाची काहील तापायलाही वेळ आणि एकदा तापली की जाळ काढला तरी किती वेळ गरमच. अंगातसुद्धा काही भाग कपासारखे आणि काही काहिलीसारखे. झुरिकचे डॉक्टर ब्यूलमान यांच्या ज्या मॉडेलवर आजचे बरेच कॉम्प्युटर चालतात त्यात असे सोळा कप्पे धरलेत, सगळ्यात चपळ कप्पा चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो आणि सगळ्यात संथ कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात, म्हणजे साडेदहा तास. आता लक्षात येईल की पहिल्या डाईव्हनंतर तासभर बोटीवर बसून वडापाव खाल्ला तर कप गार झालेला असतो पण काहील गरमच असते. म्हणून सकाळच्या डाईव्हला जो कॉम्प्युटर मनगटावर होता तोच दुपारीही पाहिजे, मधेच बदलला तर नव्याला सकाळचं काहीच माहीत नसतं. आणि म्हणूनच नवराबायकोत एक, दोन मित्रांत एक असं चालत नाही, एकजण दोन मीटर खाली असतो एकजण वर, दोघांच्या अंगाचा हिशोब वेगळा.

टेबल वाचून डाईव्ह करायची पद्धत अजून काही कोर्समधे शिकवतात, ती शिकाच. पॅडी या डाईव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलप्रमाणे १८ मीटरला पहिल्या डाईव्हला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरला फक्त २०. पण टेबल असं धरतं की तुम्ही सगळा वेळ सगळ्यात खोल जागीच होता. प्रत्यक्षात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला आपण खाली जातो आणि खडकाच्या कडेकडेनं हळूहळू वर सरकत येतो, तो फरक कॉम्प्युटर मोजतो आणि तेवढा वेळ तुम्हाला देतो.

आता स्क्रीन, यात तडजोड नको

माझ्या मते पहिला कॉम्प्युटर निवडताना सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, अल्गोरिदम म्हणजे आतली हिशोबाची पद्धत नंतर. आकडे दिसले पाहिजेत. मालवणला पाणी कायम निळंशार नसतं, लाट असली की गाळ उठतो, मास्कमधे थोडी वाफ धरलेली असते, अशा वेळी मनगट डोळ्यापुढं आणून एका नजरेत तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: किती खोल आहे, किती वेळ झाला, आणि नो-डेको टाइम, म्हणजे वर येताना सक्तीनं थांबावं न लागता खाली राहायचा वेळ, किती उरलाय. चाळिशी लागलेल्यांनी तर हे जास्तच बघावं, मी चष्मा लावते आणि माझ्या मास्कला नंबर नाही, त्यामुळं घड्याळाएवढे देखणे कॉम्प्युटर मी हातात घेऊन परत ठेवलेत, खालचे बारीक आकडे मला मुंग्यांसारखे दिसतात.

परीक्षा सोपी आहे. कुणाचा तरी कॉम्प्युटर मागून घ्या, चष्मा काढा, खोलीतला लाईट बंद करा, बॅकलाईट लावा आणि हात लांब करून वाचा. अडखळलात तर ते मॉडेल तुमच्यासाठी नाही. व्हिडिओत सगळेच भारी दिसतात.

सुरुवातीच्या किमतीत क्रेसी लिओनार्डो, मारेस पक प्रो, सुंटो झूप नोव्हो अशी नावं सारखी ऐकायला येतील. हे तिन्ही मोठ्या तबकडीचे, साध्या काळ्या-करड्या स्क्रीनचे, दिसायला ओबडधोबड, पण आकडे मोठे. त्याच्या वरच्या किमतीत शिअरवॉटर पेरेग्रीन आहे, रंगीत स्क्रीन २.२ इंचाची, एकदा बघितली की बाकीच्यांकडं बघवत नाही हे मान्य, पण पैसेही तसेच. साधे कॉम्प्युटर साधारण वीस हजाराच्या पुढं सुरू होतात आणि रंगीत स्क्रीनवाले पन्नासच्या आसपास किंवा पुढं जातात, ऑफर आणि कस्टम ड्युटीप्रमाणं आकडा हलतो. भाच्याला मी सांगितलं, पेरेग्रीनसाठी कर्ज काढायचं नाही, साधा घे आणि उरलेल्या पैशात नेत्राणीच्या दोन ट्रिप कर.

बटणं, आणि घरी बसून करायचा सराव

लिओनार्डो आणि पक प्रोला एकच बटण, सगळं त्याच्यावर, थोडं दाबलं की पुढचा मेनू, धरून ठेवलं की आत. झूप नोव्होला चार बटणं. एक बटण सोपं वाटतं खरं, पण चुकून पुढं गेलात की गोल फिरून परत यावं लागतं. चांगलं-वाईट असं नाही, हाताला काय बसतं ते महत्त्वाचं. माझा नियम असा की मॅन्युअल न बघता एका मिनिटात हवेवरनं नायट्रॉक्स ३२ वर जाता आलं पाहिजे आणि परत २१ वर येता आलं पाहिजे. विकत घेतल्यावर आठवडाभर रोज चहाच्या वेळेला हे करा, बोटीवर ओल्या बोटांनी ते आपोआप जमतं.

नायट्रॉक्स आज करत नसाल तरी तो मोड असलेलाच घ्या, आता जवळजवळ सगळ्यांत असतो. पुढं कोर्स केलात तर कळेल की ३२ टक्क्यांवर साधारण ३३ मीटरच्या खाली जायचं नसतं, तिथं ऑक्सिजनच त्रास देतो, आणि ती हद्द आली की कॉम्प्युटर ओरडतो, अर्थात तुम्ही मिश्रण बरोबर भरलं असेल तर.

बॅटरी

दोन जाती. एक नाण्यासारखा सेल घालायचा, लिओनार्डोला सीआर २४३०, पक प्रो आणि झूप नोव्होला सीआर २४५०. दुसरी चार्जिंगवाली, पेरेग्रीन तशीच. बेटावर लाईट गेली आणि चार्जर हॉटेलात राहिला असं होऊ शकतं म्हणून पहिल्या कॉम्प्युटरला मला सेलवाला बरा वाटतो. २४५० काही गाड्यांच्या रिमोट चावीतही असतो, त्यामुळं कोल्हापुरात शोधाशोध करावी लागत नाही, पण सेल मिळणं वेगळं आणि तो नीट बसवणं वेगळं.

हे जरा सविस्तर सांगते कारण माझा पहिला कॉम्प्युटर इथंच गेला. सेल बदलायला झाकण उघडलं, आत काळी रबरी ओ-रिंग असते ती पुसली, नवा सेल घातला, झाकण फिरवलं, सगळं बरोबर केलं असं वाटलं. पुढच्या डाईव्हला बारा मीटरवर स्क्रीनवर आकडे फिके पडायला लागले, मग अर्धे गायब, मी बडीला, म्हणजे डाईव्हमधल्या जोडीदाराला खूण केली आणि आम्ही दोघं सावकाश वर आलो. बोटीवर झाकण उघडलं तर आत पाण्याचा थेंब आणि ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस, माझाच, जेमतेम इंचभर. तेवढ्या फटीतनं समुद्र आत आला. तेव्हापासून सेल बदलायचा तर दिवसाउजेडी, पांढऱ्या सुती कापडावर, पंखा बंद करून, केस बांधून, ओ-रिंग बोटानं चाचपून, कंपनीच्या सेलबरोबर नवी ओ-रिंग येते ती घालून, तिला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावून, थापायचं नाही. घड्याळवाल्याकडं देणार असाल तर समोर उभं राहा आणि झाकणाला स्क्रूड्रायव्हर घालू देऊ नका, बऱ्याच झाकणांना नाण्याची खाच असते.

सढळ की सावध

प्रत्येक कंपनीचा हिशोब थोडा वेगळा असतो. सुंटो सावध म्हणून प्रसिद्ध आहे, दुसऱ्या-तिसऱ्या डाईव्हला तो लवकर हात आखडता घेतो. काही अमेरिकन कॉम्प्युटर सढळ, जास्त मिनिटं देतात. शिअरवॉटरमधे तुम्हाला तीन पातळ्या निवडता येतात. नवीन माणसाला सढळ कॉम्प्युटर म्हणजे जास्त पैसे वसूल असं वाटतं, तसं नाही हो. सुरुवातीच्या पन्नास डाईव्हमधे नो-डेको टाइम संपायच्या आधी तुमची हवाच संपत आलेली असते, त्यामुळं त्या जादा मिनिटांचा उपयोग होतच नाही. सावध ठेवा. आणि बडीच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटं दिसतायत, तुमच्यावर सहा, तर दोघांनी सहाचं ऐकायचं.

चढण्याचा वेग दाखवणारी पट्टी किंवा बीप असतोच, मिनिटाला साधारण नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगानं वर यायचं नाही, आणि पाच मीटरला तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप उलटा मोजून दाखवणारा कॉम्प्युटर घ्या, ते फार उपयोगी पडतं. नियम मोडून, लागलेला डेको स्टॉप, म्हणजे सक्तीचा थांबा टाळून वर आलात तर बऱ्याच कंपन्यांचा कॉम्प्युटर मॉडेलप्रमाणं चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास तुम्हाला पुढचा हिशोब देत नाही. तो बिघडलेला नसतो, तुम्हाला थांबवत असतो.

टँकची हवा मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर पहिल्या खरेदीत नको. गेज बघायची सवय पक्की होऊ दे.

स्मार्टवॉचचं काय, हे सगळेच विचारतात. '५ एटीएम' किंवा 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं साधं स्मार्टवॉच म्हणजे डाईव्ह कॉम्प्युटर नव्हे, दुकानदार काहीही म्हणू दे. ॲपल वॉच अल्ट्रा वेगळ्या ॲपवर ४० मीटरपर्यंत चालतं, गार्मिन डिसेंट तर डाईव्हिंगसाठीच केलेलं आहे, पण ज्याची बॅटरी दिवसभर फोन आणि मेसेजनं खाल्लीय त्याच्यावर खाली जाताना माझं मन धजत नाही.

जुना घ्यायचा झाला तर

घेऊ शकता. बॅटरीचं झाकण उघडून हिरवट गंज आहे का बघा, बटण दाबताना करकर लागते का बघा, पट्टा ताणून बघा. जमलं तर एका डाईव्हला आपल्या ओळखीच्या कॉम्प्युटरच्या शेजारी बांधून खोली जुळवा. नवा घेताना बिलावर अधिकृत डीलर आहे का आणि वॉरंटी भारतात चालते का ते लेखी घ्या, बाहेरनं कुणी आणून दिलेला स्वस्त पडतो पण बिघडला तर पाठवायचा कुठं?

आणि आता आपला घाट

हे मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही कारण त्यांना ते लागत नाही. आपण समुद्रावरनं थेट डोंगर चढून घरी येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि येताना गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली यातला एक घाट लागतोच. आंबोली तर ६९० मीटरवर. सहाशे मीटरवर हवेचा दाब समुद्रापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी असतो, म्हणजे अंगातल्या नायट्रोजनला बाहेर पडायची आणखी घाई. विमानासाठी डॅन या डाईव्हरच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा आहे की एका नो-डेको डाईव्हनंतर किमान १२ तास, बरेच डाईव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास थांबा, आणि हा सल्ला दोन हजार ते आठ हजार फुटांच्या उंचीसाठी आहे. दोन हजार फूट म्हणजे ६१० मीटर. आपला घाटमाथा नेमका या रेषेवर येतो.

ब्यूलमान स्वित्झर्लंडचे, तिथल्या डोंगरातल्या तळ्यांत लोक डाईव्ह करायचे म्हणून त्यांनी उंचीचा अभ्यास केला, त्यामुळं आजचे बरेच कॉम्प्युटर उंची विचारात घेतात. काही स्वतः ओळखतात, काहींत हातानं सेट करावी लागते. घेताना हे विचारा. हातानं सेट करायचा असेल तर घरी खेळताना उंची बदलली असेल ती मालवणला उतरायच्या आधी परत समुद्राची करा, आणि गावाकडच्या विहिरीत तपासून बघितला असेल तर पाण्याचं सेटिंगसुद्धा गोड्यावरनं खाऱ्यावर आणा. विहिरीतलं तपासणं म्हणजे दोरीला बांधून सोडणं, टँक लावून एकट्यानं विहिरीत उतरणं नव्हे.

कॉम्प्युटरवर विमानाची खूण आणि तास दिसतात, तोच आकडा मी घाटासाठी वापरते. काहींत तो नुसता चोवीस तासांचा उलटा काटा असतो, काहींत खरा हिशोब, मॅन्युअलमधे बघा. मी दोन डाईव्ह केले की त्या रात्री मालवणलाच मुक्काम करते, सोलकढी-भात खाऊन झोपते आणि दुसऱ्या दिवशी खूण गेल्यावर गाडी काढते. मुक्काम जमणारच नसेल तर डाईव्ह एकच, सकाळी लवकर, उथळ, आणि निघायचं किती तासांनी ते तिथल्या इन्स्ट्रक्टरशी बोलून. डाईव्हनंतर खांदा-गुडघा दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्तच गळून गेल्यासारखं झालं तर घरी जाऊन बघू म्हणत घाट चढू नका, इन्स्ट्रक्टरला सांगा, ऑक्सिजन मागा, डॉक्टर गाठा. कॉम्प्युटरला सगळं ठीक दिसत असलं तरी. रात्री दोनला कोल्हापूर सोडून, झोप न घेता, पाणी कमी पिऊन तुम्ही पहाटे समुद्रात उतरलाय हे त्याला कळत नसतं.

वापरून झाल्यावर

गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास, बटणं पाण्यातच दोन-चार वेळा दाबायची, सावलीत वाळवायचा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. जून ते सप्टेंबर बोटी बंद असतात, त्या चार महिन्यांत डबीत घालून कपाटात ठेवा, पण महिन्यातनं एकदा चालू करून बॅटरीची खूण बघा, चार्जिंगवाला असेल तर अर्धा भरून ठेवा. भाच्यानं शेवटी लिओनार्डो घेतला, निळ्या पट्ट्याचा. काल फोनवर त्यानं न बघता ३२ वर जाऊन परत २१ वर यायला पंचेचाळीस सेकंद घेतले, मी इकडं घड्याळ लावून बसले होते.